आबांच्या डोक्याचं माप

"ही टोपी माझी न्हाय! ही हत्तीची हाय!"

आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरून असे ओरडले की सणसरच्या उसातले बगळे उठले ते थेट भिगवणच्या पाण्यावर जाऊन बसले असावेत. बारामतीहून आणलेली नवीकोरी पांढरी टोपी त्यांच्या कानांवरून घसरून नाकाला टेकली होती. खोलीत जाऊन, दार लावून, घालून ते तसेच बाहेर आले होते.

चूक माझी. दुखण्यातून उठल्यापासून त्यांची जुनी टोपी सैल पडायला लागली होती आणि त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. सगळ्यांत थोरले म्हणून मंडपातला पहिला नारळ आबांच्या हातात. नीट बसणारी टोपी असली तर येतो, न्हायतर तुमी जावा, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की गोठ्यातली म्हैसही पाठ म्हणून दाखवेल. म्हणून मी सुतळीनं माप घेतलं. पण ते डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलावरून. कारण आबांचं उघडं डोकं कुणी पाहिलेलंच नव्हतं. मी पंचावन्न वर्षांचा झालो, मीही नाही. टोपी उतरायच्या आधी टॉवेल चढायचा, अशी त्यांची हातचलाखी.

तीन महिने मी त्यांना उठवत होतो, बसवत होतो, गोळ्या भरवत होतो. बारामतीचा रस्ता एव्हाना मोटरसायकल एकटी सोडली तरी तिनं बरोबर काढला असता. पुन्हा जायचं म्हटल्यावर मी पायरीवरच बसलो. मग उठलो, सुतळी घेतली आणि म्हणालो, "आबा, टॉवेल काढावा लागंल."

त्यांनी सुनेला परड्यात धाडलं. दार लावायला लावलं, खिडकी लावायला लावली.

"तू बी डोळं मिट."

"डोळं मिटून माप कसं घिऊ?"

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग टॉवेल त्यांनी स्वतःच्या हातानं सोडला.

आमच्या घराण्याची डोकी घमेल्याएवढी, न्हावी अर्धं झाल्यावर जेवून येतो आणि मग उरलेलं करतो, असं मी जन्मभर पारावर सांगत आलो. ते डोकं माझ्या दोन तळव्यांत मावलं. कपाळावर रेघ मारल्यासारखं खाली काळं, वर पांढरं. वरच्या भागाला कधी ऊनच लागलं नव्हतं. सुतळी फिरवून गाठ मारली.

बारामतीच्या दुकानदारानं सुतळी टेपवर धरली. एकवीस, म्हणाला, शाळेतल्या पोराला का? मी म्हटलं, व्हय, चौथीत आहे, फार हट्टी आहे, मास्तरांनी हात टेकलेत. टोपी घेतली. दुकानाबाहेर उभा राहून आतली नंबराची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. पार निघेपर्यंत खरवडत होतो.

लग्नाच्या सकाळी आबा खोलीत गेले, दार लावलं, बाहेर आले. टोपी बसली होती. पुढचं टोक त्यांनी दोन बोटांनी सरळ केलं आणि आरशात एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिलं.

"नंबर कितवा?"

जन्मभर त्यांचा नंबर तेवीस.

"तेवीस," मी म्हणालो. "नेहमीचाच."

आरशातूनच त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातली काठी घेतली.

"आताशा तेवीस बी बारीकच शिवत्यात," ते म्हणाले.