सेफ्टी कारच्या पुढे कोणी जायचं नाही

ऑगस्टमधला शेवटचा रविवार. स्थळ: अभनपूरजवळचं एक मोकळं रान, जिथे मोटर क्लबच्या मुलांनी मातीचा ट्रॅक आखला होता. हजर: मुलगी ऋतू (स्पर्धक), नवरा प्रकाश (शेवटच्या रेषेवर, झेंडा घेऊन), मी (सुरक्षाप्रमुख) आणि पाऊस (न बोलावता, सहकुटुंब).

"आंटी, बारिश के रूल्स आप बना दोगे?" असं मुलांनी विचारलं आणि मी एका संध्याकाळी बसून बनवून दिले. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची नाही. जोराचा पाऊस आला की सेफ्टी कार पुढे, बाकीचे हळूहळू मागे. तिच्या पुढे जाईल तो बाद. सेफ्टी कार आमचीच जुनी गाडी, चालवणार मीच.

ऋतूचं मात्र बरंच पणाला लागलं होतं. "पयली आली तं कोइम्बतूरले रेसिंग शिकायले पाठवतो, नाही तं बँकेची परीक्षा दे," असा बापाचा शब्द होता. (हवामानाचा अंदाज वाचूनच दिला असावा.)

शेवटच्या फेरीत ऋतू आघाडीवर, आणि आभाळ फाटलं! मी दिवे लावून ऐटीत ट्रॅकवर शिरले. मागे ऋतू, तिच्यामागे सगळी वरात. रेषा अगदी समोर दिसत होती, आणि तिच्याआधी एक डबकं. नियम म्हणजे नियम. मी गाडी कडेने घेतली. कडेला चिखल होता. चाकं जागेवरच गरगरली आणि गाडी पोटावर बसली. मागे सगळे शिस्तीत थांबले.

प्रकाशचा फोन आला. (गाडी उभी होती, म्हणून उचलला.)

"काहून थांबली तू?"

"थांबले नाही, रुतले."

"मंग त्या पोट्ट्यायले पुढे जाऊ दे ना."

"नियमात बसत नाही."

"नियम कोणाचा?"

"माझा."

"मंग बदलव."

"रेस चालू असताना नियम बदलता येत नाही. तोही नियमच आहे."

एवढ्यात मागून ऋतूने डोकं बाहेर काढलं. "मम्मी, साइड से निकल जाऊँ?"

"बाद होशील."

"तो उतरकर धक्का मारूँ?"

"ट्रॅकवर उतरायचं नाही."

"मम्मी, आपने रूल्स बनाए हैं या कर्फ्यू लगाया है?"

बांधावर ट्रॅक्टर लावून एक शेतकरी हे सगळं पाहत होता. "खींच दँव का, दीदी?"

"हव, भैया," मी म्हटलं.

त्याने पुढे येऊन दोर बांधला. ट्रॅक्टर निघाला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे ऋतू. प्रकाशने प्रत्येकासाठी झेंडा हलवला: आधी ट्रॅक्टर, मग मी, मग पोटची पोर. क्लबच्या मुलांनी हसत हसत कप ट्रॅक्टरवाल्याच्या हातात ठेवला. त्याने तो कपाळाला लावला आणि तसाच घरी गेला.

"मैं थर्ड?" ऋतू म्हणाली. "अपनी माँ के पीछे?"

"पयली तं नाही ना आली," प्रकाश छत्रीखालून म्हणाला. आवाजात दुःख फारसं नव्हतं.

मी तिथल्या तिथे निर्णय दिला: ट्रॅक्टर आणि सेफ्टी कार स्पर्धक नाहीत, म्हणून ऋतू पहिली. प्रकाशने तो मान्य केला, पण एका अटीवर. "कप दाखव मले."

कप त्या शेतकऱ्याच्या घरी आहे. बदल्यात द्यायला मी गोल बाजारातून त्याहून मोठा कप आणून ठेवलाय. जायचं तेवढं राहिलं आहे. रोज निघते, रोज पाऊस येतो, आणि या घरात बापलेकीने आयुष्यात पहिल्यांदाच एकमताने एक नियम केलाय: पावसात आईने गाडी चालवायची नाही.