बाविसावा विषय

माझी धाकटी बहीण कुठल्याही खोलीत शिरली की आधी तिथली माणसं मोजते. दवाखाना असो, बस असो, कुणाच्या घरचा दिवाणखाना असो. ओठ हलत नाहीत, पण मला कळतं, कारण मोजताना तिचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. मी एकदा वैतागून विचारलं, "काय मिळतं गं मोजून?" तर म्हणाली, "किती जण बघणार आहेत ते आधी कळलेलं बरं असतं, ताई."

अशी ही भित्री भागूबाई. घरात आम्ही तिला भागूच म्हणतो, खरं नाव फक्त हजेरीपटावर आहे. बसची घंटी वाजवायला लाजली म्हणून दोन थांबे पुढे जाऊन तेवढंच उलट चालत आलेली. दुकानदारानं रेघी वहीऐवजी चौकटीची दिली तर परत करायला नको म्हणून वर्षभर चौकटीत निबंध लिहिलेली. आणि ही मुलगी विद्यापीठाच्या विद्यापरिषदेवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आली! निवडून आली म्हणजे काय, अर्जच एक आला होता. मैत्रिणींनी भरला, हिनं भिडेखातर सही केली, आणि पुढे कुणी आडवं आलं नाही. आई म्हणाली, "अगं, पण तिथं बोलावं लागेल." भागू म्हणाली, "नाही लागत. गेल्या वर्षीची मुलगी वर्षभर एक शब्द बोलली नाही म्हणे."

विद्यापरिषद म्हणजे काय शिकवायचं, कधी शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची हे ठरवणारी सभा. सदस्य साठ. त्यातले अठ्ठावन्न प्राध्यापक, प्राचार्य, विभागप्रमुख असे वजनदार लोक, आणि दोन विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या खुर्च्या टेबलाच्या पार टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ. त्यामुळे पहिल्या सभेत भागूनं सतरा ग्लास पाणी पुढे सरकवलं आणि तेवढंच काम करून घरी आली. दुसरा विद्यार्थी खेळाडू होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. सकाळच्या सरावानं थकलेला असायचा, सभेत बसल्याबसल्या डुलक्या घ्यायचा.

मी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. बाबा गेले तेव्हा बारावीनंतर शाळा-कॉलेजला रामराम ठोकला आणि यंत्रासमोर उभी राहिले, त्याला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी भागूनंच डोकं खाऊन मला संध्याकाळच्या तुकडीत घातलं. विषय रसायनशास्त्र. सहा वाजता दुकानातून सुटायचं, सव्वासहाला प्रयोगशाळेत अॅप्रन चढवायचा. तुकडीत एक्केचाळीस जण. एक बस कंडक्टर आहेत, दोन परिचारिका आहेत, एक बाई तर सासूबाई झाल्यात. परीक्षानळी हातात धरली की मला माझं वय विसरायला होतं. दोन वर्षं पार पडली होती, एकच उरलं होतं.

विद्यापीठाच्या कचेरीतलं यंत्र कायम आजारी असल्यानं सभेची कागदपत्रं आमच्याकडेच यायची. साठ संच काढायचे, टाचायचे, लिफाफ्यात भरायचे. मी काही वाचत नाही, वाचत बसले तर हात चालत नाही. पण त्या दिवशी कागद अडकला. चुरगळलेलं पान ओढून सरळ केलं तर त्यावर विषय क्रमांक बावीस होता. संध्याकाळच्या तुकडीच्या प्रयोगशाळा येत्या वर्षापासून बंद करणे व तेथील विद्यार्थ्यांना दिवसाच्या तुकडीत सामावून घेणे.

सामावून घेणे! दिवसा मी कुठं सामावणार? दिवसा मी दुकानात असते. कंडक्टर बसमध्ये असतात. उरलेले संच कसे टाचले ते आठवत नाही, दोन उलटे टाचले गेले आणि त्यावरून मालक बोलले ते वेगळं.

घरी आल्याआल्या मी भागूला धरलं. "आता बोलायचं. तिथं माझं असं तूच एक माणूस आहेस." ती पांढरी पडली, पण हो म्हणाली. दोन पानं लिहून काढली. रोज दुपारी दुकानात यायची आणि मी प्रती काढत असताना यंत्राच्या घरघरीत भाषण म्हणून दाखवायची. तिसऱ्या ओळीला आवाज बसायचा. मी ओरडायचे, "मोठ्यानं!" ती आणखी हळू बोलायची. माझा स्वभाव तापट, तिचा हा असा. चार दिवसांत दोघींची झोप उडाली.

सभेच्या आदल्या दिवशी ती नियमावली घेऊन आली. ती प्रतही मीच काढून दिलेली. "ताई, यात लिहिलंय, ज्या विषयात सदस्याच्या जवळच्या नातेवाइकाचा संबंध असेल, त्या विषयाला सदस्यानं तसं सांगून बाहेर बसायचं. बोलायचं नाही, मतही द्यायचं नाही."

"मग?"

"तू माझी बहीण आहेस."

"कुणाला माहितीये तिथं?"

"मला माहितीये ना."

मी हातातली टाचणयंत्राच्या पिनांची डबी आपटली. म्हटलं, रसायनशास्त्राच्या ज्या विभागप्रमुखाला ती प्रयोगशाळा संध्याकाळी स्वतःच्या संशोधनाला हवी आहे, तो बाहेर बसणार आहे का? ती म्हणाली, नाही बसणार. म्हटलं, मग तूच एवढा हरिश्चंद्राचा अवतार का? ती वही काढून त्यात काहीतरी बघत बसली. मला वाटलं, घाबरली, पळवाट सापडली तिला. आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं.

सभेच्या दिवशी दुपारी कचेरीतून फोन आला की पुरवणी टिपण लगेच आणून द्या. मी घेऊन गेले, शिपाईकाकांच्या हातात दिलं आणि परत न जाता सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. जेवणं झाली होती. जेवण झालं की सदस्य एकेक करून निघतात, हे मी वर्षानुवर्षं दुकानातून बघत आलेय. सकाळी येऊन सही करतात, पहिले दोनचार महत्त्वाचे विषय होतात, जेवतात, आणि गाड्या फाटकाबाहेर. उरलेले विषय मग भराभर मंजूर होतात. कागदावर सभा भरलेलीच असते, कारण उपस्थिती सहीवरून धरतात, डोकी कुणी मोजत नाही. अडचणीचा विषय मागे का टाकतात ते त्या दिवशी मला कळलं.

आतून आकडे ऐकू येत होते. एकोणीस, मंजूर. वीस, मंजूर. एकवीस, मंजूर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार उघडून भागू बाहेर आली. एकटी. हात मोकळे, भाषणाची पानंसुद्धा आतच.

"सांगितलंस?"

"सांगितलं, की ताई त्या तुकडीत आहे. म्हणाले, बाहेर बसा."

माझं डोकंच फिरलं. दबक्या आवाजात मी तिला नको नको ते बोलले. तुझ्यापेक्षा ती रिकामी खुर्ची बरी, असंही बोलले. तो शब्द आजही मला टोचतो. ती ऐकून घेत होती आणि दाराकडे बघत होती. अंगठा पेरांवर होता.

"ताई," ती म्हणाली, "आत वीस माणसं होती. मला धरून."

"बरं मग?"

"साठाचा तिसरा हिस्सा वीस. तेवढे खोलीत नसतील तर काही मंजूर करता येत नाही. आता एकोणीस आहेत. पण कुणीतरी मोजायला सांगायला हवं. मी कप्तानला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, बघू."

वहीत तिनं आधीच्या तिन्ही सभांची जेवणानंतरची डोकी लिहून ठेवली होती. तेवीस, एकवीस, बावीस. मला काही सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला पक्कं माहीत. आणि आमचा सगळा जीव आता त्या डुलक्या घेणाऱ्या पोरावर टांगलेला होता.

आतून विभागप्रमुखांचा आवाज येत होता. मग अध्यक्षांचा, म्हणजे कुलगुरूंचा. "तर विषय बावीस..." भागूनं माझं मनगट धरलं. आणि मग एक घोगरा, नुकता जागा झालेला आवाज, "सर, एक मिनिट. माणसं मोजायची होती."

आत कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. कुलसचिव, म्हणजे सभेचं कामकाज बघणारे अधिकारी, दारात येऊन शिपाईकाकांना म्हणाले, "अर्धा तास थांबता येतं. कँटीन बघा, वाचनालय बघा, एक सदस्य मिळाला तरी पुरे. घेऊन या." काका गुडघा धरत जिना उतरले.

अर्धा तास एवढा लांब असतो हे मला ठाऊक नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून कठड्यावरून वाकून बघायचे. एकदा टंकलेखक आला, एकदा सफाईवाल्या मावशी. वीस मिनिटांनी काका एकटेच परत आले. "गाड्याच नाहीत खाली," म्हणाले आणि घाम पुसला.

आणि पंचविसाव्या मिनिटाला जिन्याच्या वळणावर गणिताचे म्हातारे सर दिसले. सदस्य! कठडा धरून एकेक पायरी चढत होते. काका नेमके पाणी प्यायला आत गेलेले. भागू दगड झाली. मी काय करतेय हे कळायच्या आत धावत खाली गेले.

"सर, काय झालं?"

"चष्मा राहिला गं माझा आत. सभा संपली का?"

"शेवट शेवट चाललाय, सर. तुम्ही कशाला चढता? मी आणते."

"आणतेस? देव भलं करो तुझं."

मी सरळ सभागृहात शिरले. एकोणीस तोंडं माझ्याकडे वळली. चष्म्याचं घर तिसऱ्या खुर्चीसमोर होतं. टेबलाच्या टोकाला भागूची रिकामी खुर्ची आणि तिची दोन पानं. कुलसचिवांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"झेरॉक्सवाली. कुणाचा तरी चष्मा राहिलाय, पोचवते."

ते घड्याळाकडे बघत होते, चष्म्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मी सरांना चष्मा दिला, हात धरून खालपर्यंत सोडलं, रिक्षासुद्धा थांबवून दिली. वर आले तेव्हा लोक बाहेर पडत होते. सभा तहकूब झाली होती. कप्ताननं जाता जाता भागूला अंगठा वर करून शाबासकी दिली आणि एक मोठी जांभई दिली.

मला नाचावंसं वाटत होतं. भागू रडत होती. "सर सदस्य होते, ताई. त्यांना येऊ द्यायला हवं होतं. मी नियमानं बाहेर बसले, आणि तू..." घरापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. तिचं खरं होतं आणि मला मुळीच पश्चात्ताप झालेला नव्हता, दोन्ही गोष्टी सांगून टाकते.

आठवड्यानं सभेचं इतिवृत्त माझ्याकडे आलं. साठ प्रती. 'एक सदस्य बाहेर गेल्याने गणपूर्ती न झाल्यामुळे सभा तहकूब.' नाव नाही, कारण नाही, एक सदस्य. मी ती ओळ साठ वेळा यंत्रातून बाहेर पडताना पाहिली. शेवटी आणखी एक ओळ होती. तहकूब सभा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात होईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.

म्हणजे पाच माणसं असली तरी चालणार. म्हणजे पुन्हा बाहेर जाऊन उपयोग नाही, कुणीतरी आत बसून बोलायलाच हवं. आणि भागूची मुदत तोवर संपणार होती.

संध्याकाळी तिनं नियमावली माझ्यापुढे ठेवली. एका कलमाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. प्रतिनिधी ज्या विद्यार्थ्यांमधून आला, त्यांच्या प्रश्नावर बोलणं हा वैयक्तिक संबंध धरला जाणार नाही. "मला बाहेर बसवलं ते बरोबर होतं," ती म्हणाली, "मी दिवसाच्या तुकडीची. संध्याकाळच्या तुकडीतलं कुणी असेल, तर त्याला नाही बाहेर काढता येणार." आणि खाली प्रतिनिधीपदाचा कोरा अर्ज होता.

"मी? अगं, मला शिकवतात ते सगळे तिथं बसलेले असणार. मी काय बोलणार?"

"मोठ्यानं बोल," भागू म्हणाली. चेहरा साळसूद.

गेलं वर्षभर मी तिला काय काय बोलले ते मला एकेक आठवायला लागलं. पंधरा दिवस अर्ज उशीखाली होता. कंडक्टरांना गळ घातली, परिचारिकांना घातली, सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. या वेळीही दुसरा अर्ज आला नाही.

तहकूब सभेच्या दिवशी भागू मला सभागृहाच्या दारापर्यंत सोडायला आली आणि त्याच बाकावर बसली. माझ्या हातात तिचीच दोन पानं होती, मीच काढलेली प्रत. दारातूनच परत फिरावं असं मनात येत होतं. वाटत होतं, ही दरवेळी असंच होत असताना आत जायची आणि मी तिला भित्री म्हणायचे.

पिंपाजवळच्या खुर्चीवर बसले. सगळे माना वर करून बघत होते, झेरॉक्सवालीला ओळखत होते. अध्यक्ष म्हणाले, "विषय पहिला, म्हणजे मागच्या सभेतला बाविसावा. कुणाला काही बोलायचंय?" टेबलाखाली माझा अंगठा पेरांवरून फिरत होता. कधी सुरू झाला मलाच कळलं नव्हतं. एकतीस माणसं होती. मी हात वर केला.