शेवटच्या डावातला पिचर

“मला शेवटी बोलवा की, तवर मी हितंच हाय,” माझा भाऊ म्हणायचा. बेसबॉलमध्ये मुख्य पिचर थकला की तो चेंडू टाकायला यायचा.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मैत्रिणींनो, तो खरंच चांगला होता का, हे आकड्यांत पाहायला आज कुंभारीला आप्पांकडे गेले. त्याच्या संघाची स्कोअरवही तेच लिहितात.

बेरीज करताना गेल्या महिन्याचं पान आलं. शेवटच्या डावात पिचर म्हणून त्याचंच नाव. दिलेल्या धावा शून्य.

“आप्पा, हे काय?”

“शेवटी कोन टाकत हुतं, पोरांना इचार की, तायडे. कुनालाच सांगता येत न्हाय.”

ज्याचा खेळ कायमचा संपला, त्याच्या नावाखाली आप्पा लाल रेघ मारतात. भावाच्या नावाखाली ती अजून नाही.

आप्पा, तेवढी रेघ मारा. दमला असेल तो. तुम्ही मारणार नाही, माहीत आहे.