मोटिव्हेशन किती टक्के?

आम्ही चार सिस्टर्स अजूनही महिन्यातून एकदा मांडवीच्या किनाऱ्यावर भेटतो. भेळ संपते, किस्से संपत नाहीत. कोविड वॉर्डातलं एक आठवलं की मागून दहा येतात, वेलीला भोपळे लागावेत तसे. शेजारच्या बाकावरचे लोक ऐकतात आणि म्हणतात, "काहीतरीच काय!" त्यांचंही बरोबर आहे. तिथे असून आमचाच विश्वास बसायचा नाही!

त्या वॉर्डाची मी इन्चार्ज होते. तीस बेड. सफाईला सहा मावश्या होत्या, त्यातल्या पाच पहिल्याच महिन्यात काम सोडून गेल्या. उरली एकटी सुनंदा मावशी. ती गेली असती तर वॉर्डाला कुलूप आणि पेशंट थेट कोल्हापूरला! आणि ती दर सोमवारी मला सांगायची, "सिस्टर, मी आता जाते हा."

*

एक दिवस वरून फर्मान आलं, 'स्टाफचे मोटिव्हेशन टिकवा.' सोबत एक तक्ता. रोज पाचच्या आत मोटिव्हेशन किती टक्के ते कळवायचं!

मी आपलं ठोकून दिलं, साठ. दुसऱ्या दिवशी पंचावन्न. लगेच फोन!

"सिस्टर, पाच टक्के का घसरलं? कारण द्या."

"सर, पंखा बंद पडलाय."

"मग त्या रकान्यात पंखा लिहा ना!"

लिहिलं. पंखा काही आला नाही. पण महिनाअखेर आमच्या वॉर्डाला 'उत्कृष्ट रिपोर्टिंग'चं प्रमाणपत्र आलं.

*

मग झूमवर एक स्पीकर. पुण्याचे. मागे एसी, पुढ्यात कॉफी. "सर्वांनी डोळे मिटा. तुम्ही तुमच्या घराच्या अंगणात उभ्या आहात..."

आठ तास पीपीई किट घालून बाहेर आलेली माणसं आम्ही. डोळे मिटा म्हटल्यावर मिटलेच! दोन मिनिटांत आमचा ब्रदर घोरायला लागला. स्पीकर खूश. "वा! किती खोल गेले आहेत हे!"

सुनंदा मावशी मात्र उठून बाहेर गेली. बघते तर जिन्यात बसून रडतेय.

"अंगणात नेऊन सोडलान मेल्यानं. आत कोण घेणार?"

तेव्हा मला कळलं. मावशीचं घर लांज्याच्या पुढे. कोविडमध्ये काम करते म्हणून वाडीनं तिला घरी यायला बंदी केली होती. पंधरा दिवसांनी सुट्टीवर गेली की तिनं वाडीबाहेरच्या बंद शाळेत राहायचं, एकटीनं. नवरा पायरीवर भाकरी ठेवून मागे सरायचा. हा नियम केला वाडीच्या प्रमुखांनी, अण्णांनी. आणि मी या बाईचं मोटिव्हेशन टक्क्यात मोजत होते! मला माझीच लाज वाटली.

*

सत्काराचं तर विचारूच नका. एक पुढारी आले, बरोबर पन्नास माणसं. आम्हाला सांगितलं, "तुम्ही जरा लांब उभ्या राहा हं, काळजी घ्यायला हवी." पन्नास जणांनी एकमेकांना चिकटून आमची काळजी घेतली!

आता शाल घालणार कशी? एकानं लांबलचक काठी आणली. शाल काठीला अडकवून आली!! नारळ जमिनीवर ठेवून ते मागे सरकले. फोटोग्राफर ओरडतोय, "सिस्टर, हसा ना!" मास्कच्या आत हसू की रडू?

मावशीनं नारळ उचलला आणि म्हणाली, "भुताला ठेवतात तसा ठेवलान की हो!"

संध्याकाळी त्याच नारळाची चटणी केली तिनं. चटणी फक्कड झाली होती.

*

त्याच आठवड्यात गेटवर आमच्या फोटोंचा बोर्ड लागला, 'आमचे देवदूत.' आमची रेश्मा सिस्टर आयकार्ड विसरली. वॉचमन नवा. सोडेना!

"अहो, हा बघा वर माझा फोटो!"

"फोटोत मास्क नाय. तुम्ही मास्कात. मी कसा ओळखू?"

तिनं चिडून मास्क खाली केला.

"मास्क काढलात? तुमची तक्रारच करतो!"

देवदूत अर्धा तास उन्हात उभा.

*

मोटिव्हेशनचा खरा इलाज सापडला तो शांताराममामांकडे. मामा आमचे वॉर्ड अटेंडंट, गावात देवळात गाऱ्हाणं घालणारे. एका सोमवारी सगळेच गळाठलेले. मावशी तर पिशवी भरून तयार. मामांनी किट घालायच्या खोलीत एकदम हात जोडले.

"बा देवा महाराजा! हे जे फाटके किट पाठवतायत..."

"व्हय महाराजा!" आम्ही सवयीनंच ओरडलो.

"...त्यांना तोच किट घालून, आठ तास पाण्याशिवाय, मे महिन्यात उभं कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!!"

डॉक्टर लातूरचे. त्यांनी असलं काही पाहिलंच नव्हतं. तोंड उघडंच! मला वाटलं आता मेमो येणार. दुसऱ्या दिवशी स्वतःच दारात अडून बसले. "मामा, गाऱ्हाणं झाल्याशिवाय मी आत जाणार नाही. आणि आज रेमडेसिवीरचंही घाला."

मावशीनं पिशवी रिकामी केली. त्या दिवशी मी तक्त्यात शंभर टक्के लिहिलं. लगेच फोन आला, "इतकं कसं वाढलं? खुलासा करा."

*

आणि मग नऊ नंबरच्या बेडवर अण्णा आले. हो, तेच! मावशीच्या वाडीचे.

मला वाटलं, आता मावशी जाणार, आणि जाताना त्यांना काय काय ऐकवणार! मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, नऊ नंबरचं मामांना देते."

"कशाला? नऊ नंबरची चादर मीच बदलणार."

मी हादरलेच. दहा दिवस तिनं त्यांना पेज भरवली, अंग पुसलं, बेडपॅन दिलं. किटमधली बाई ओळखणार कशी? अण्णा तिला "बाय, बाय" म्हणायचे, हात जोडायचे. ही चादर सारखी करून पुढच्या बेडकडे वळायची. तिच्या मनात काय चाललंय, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डिस्चार्जच्या सकाळी अण्णांच्या पुतण्याचा फोन. वाडीचा निरोप होता. आधी चौदा दिवस शाळेत, मग घरी.

"नियम तुम्हीच केलात ना अण्णा?" पुतण्या फोनवर म्हणाला.

अण्णा बाकावर मटकन बसले. "शाळेत? एकटा? तिथं माणूस राहील कसा?"

मावशीची ड्युटी संपली होती. किट काढून, तोंड धुऊन ती समोर येऊन उभी राहिली. अण्णांनी वर बघितलं आणि बघतच राहिले.

"राहता येतं अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "चूल मांडलेली हाय. सरपण कोपऱ्यात हाय. हंडा तेवढा पोरांकडनं भरून घ्या. फक्त दाराला आतनं कडी नाय. बाक लावून झोपायचं. दोनदा निरोप धाडलेला मी कडीचा. तुमच्याकडंच."