पिवळे डोळे

"बस. पाणी पी."

ती एवढेच म्हणायची, आणि ते ऐकून न बसलेला माणूस मला शहापुरात माहीत नाही. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत तिच्या आईची खानावळ आहे. दारात कोणी उभे राहिले की ती स्टीलचा जग घेऊन पुढे व्हायची, मान जराशी वाकडी करून माणसाला न्याहाळायची आणि हुकूम सोडायची. एकदा कचेरीतले एक साहेब फोनवर कुणाला तरी झापत आत आले. तिने त्यांचा दंड धरून त्यांना बाकावर बसवले आणि पेला पुढे केला. साहेबांनी फोन बंद केला आणि ते निमूटपणे पाणी प्यायले.

"राग गेला?" तिने विचारले.

"गेला, मावशी," साहेब म्हणाले. मावशी तेव्हा जेमतेम पंचविशीची होती.

तुम्हा दोघांना ती आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्ही सीलबंद बाटल्या टेबलावर ठेवून बसला होतात. तिने त्या उचलून फळीवर ठेवल्या, जगातले पाणी ओतले आणि तुम्ही पेले रिकामे करेपर्यंत जागची हलली नाही. घरी परतताना तुम्ही मला विचारलेत, "आजी, तिला डाउन सिंड्रोम आहे ना?" मी हो म्हटले आणि विषय संपला. तिच्या बाबतीत सगळ्यांचेच विषय तिथे संपायचे, हे मला फार उशिरा दिसले.

तुमचे आजोबा गेल्यावर एकटीसाठी कुकर लावणे मला नकोसे झाले. दुपारचे जेवण मी तिच्या आईकडे घेऊ लागले. तिची आई मला बाई म्हणते. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी अर्धे गाव मला बाईच म्हणते. ती मात्र "ए बाई" म्हणायची. माझ्या ताटातली मिरची न विचारता काढून घ्यायची, कारण एकदा मिरचीने मला ठसका लागलेला तिने पाहिला होता. भज्यांचा पहिला घाणा उतरला की त्यातली दोन भजी तिची. गिऱ्हाईक कितीही खोळंबो, ती दोन भजी फुंकर मारमारून खाऊन झाल्याशिवाय जग हलायचा नाही.

मग एका उन्हाळ्यात ती दुपारची दिसेनाशी व्हायला लागली. जेवली की मागच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांवर जाऊन आडवी पडायची, गुडघे पोटाशी घेऊन.

"आळस भरलाय हिला," तिची आई म्हणायची. "ऊठ गो. गिऱ्हाईक काय मी एकटीनं बघू?"

ती उठायची. डाव्या हाताने उजवा खांदा दाबत बाहेर यायची. आईला वाटले, जग उचलून खांदा भरला. तिने लहान जग आणून दिला आणि डाव्या हाताने वाढायला सांगितले. ओळखीच्या डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला, गॅसच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "ही मुलं जरा सुस्तच असतात." आम्हाला ते पटले. ती जाड होती, हळू चालायची, लवकर दमायची; त्यात थोडी भर पडली, एवढेच.

दुखते का, असे तिला विचारून उपयोग नव्हता. लहानपणी एकदा ती हो म्हणाली होती आणि तिला सुई टोचली गेली होती. ती दुसऱ्यांदा फसणारी नव्हती.

"पोटात दुखतं का गो?" तिची आई विचारायची.

"नाय."

"खांदा?"

"नाय. बस तू."

पावसाळा सरता सरता तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे आधी माळ घालतात. तानसा तलावाच्या बाजूला एक म्हातारे माळ देत. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले, डोक्यावर बसेल एवढेच कडे. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, असे म्हणतात. ती वाढतेच. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पोटाखाली पोचली की कावीळ गेली असे समजून नदीत सोडतात.

ती माळ घालून मिरवायची. आल्या-गेल्याला पाणी द्यायच्या आधी माळ दाखवायची. रोज गल्लीतले कोणीतरी येऊन बघून जायचे, कुठवर आली ते.

मी तिच्या आईला म्हटले, "काड्या वाळल्या की आकसतात, दोरा सैल होतो, म्हणून माळ लांबते. कोणाच्याही गळ्यात लांबेल. एकदा ठाण्याला नेऊन सोनोग्राफी करून आणू. मी येते बरोबर."

"असंल बाई, तुमी शिकलेल्या," तिची आई म्हणाली. "पण बघा ना तिच्याकडं. गोणीवर झोपते का आता? खांदा धरते का?"

ते खरे होते. डोळे पांढरे होत चालले होते. ती पुन्हा बाकांमधून फिरत होती. माळेबरोबर पथ्यही होते: तेल नाही, तूप नाही, फक्त उसाचा रस, चुरमुरे, भाजलेले चणे आणि पेज. भजी बंद झाल्याने तिचे पोट शांत राहिले होते, हे आम्हाला पुढे ठाण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. तेव्हा सांगून काही उपयोग उरला नव्हता.

"सोनोग्राफी करू ना बाई," तिची आई म्हणाली. "भावाच्या पोरीचं लगीन होऊन जाऊ दे."

लग्न मुरबाडच्या पुढे एका गावात होते. हळदीला मला नेल्याशिवाय पोरगी जीपमध्ये चढेना, म्हणून मी गेले. मांडवात बेंजो वाजत होता. माळ उतरल्याने पथ्य सुटलेले; पुऱ्या, मटण, जिलेबी, सगळे तिने मनापासून खाल्ले आणि मग नाचायला उतरली. दोन्ही हात वर करून, जागच्या जागी गोल फिरत. नवरीला लावून उरलेली हळद पोरींनी तिला फासली. तोंड, गळा, हात, पाय. मीही तिच्या गालाला बोट लावले. ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा तिचे दात तेवढे पांढरे दिसत होते. संध्याकाळच्या एसटीने मी परतले.

लग्नाच्या दुपारी तिला हुडहुडी भरली. नाचून दमली असेल म्हणून तिला घोंगडीत गुंडाळून ठेवले. दुसऱ्या सकाळी मुरबाडच्या दवाखान्याने तिला ठाण्याला धाडले; निरोप मिळताच मीही तिथे पोचले. पित्ताशय खड्यांनी भरले होते. त्यातला एक पित्ताच्या नळीत अडकून कावीळ पुन्हा अंगात भरली होती आणि पू रक्तात गेला होता. डॉक्टरीणबाई तुमच्याहून फार मोठ्या नसतील. त्या म्हणाल्या, अशा मुलांना हे खडे लहान वयातही होतात, ती सांगत नाहीत, आणि कळ पुष्कळदा उजव्या खांद्यात उठते. तिची आई माझ्याकडे वळली आणि आपल्याच खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. नळी मोकळी केली, पण ताप काही उतरला नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर खानावळ उघडली. मी गेले तेव्हा अजून गिऱ्हाईक नव्हते. तिची आई भाकरीचे पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता तिने सांगायला सुरुवात केली.

"लग्नाच्या सकाळी मी तिला न्हाणीत बसवली, बाई. हळद काढायला. बेसन लावलं, दूध लावलं. सगळ्या पोरींची निघाली, हिची काय निघंना. मला वाटलं, विकतची हळद, रंग मिसळला असंल. मग साबण घेतला न् काथ्यानं घासलं. गळा लाल झाला, तरी पिवळा तो पिवळाच."

"रडली का ती?"

"नाय." तिने परातीतले पीठ गोळा केले, पुन्हा पसरले. "मीच बोलले तिला, डोळं मीट घट्ट, साबण जाईल. तिनं मिटलं. माझं घासून होईपरत उघडलं नाय."