आधी मनगट

मंगल कार्यालयात शिरले की काका डावी बाही वर करायचे आणि मनगट आमच्या कॅमेऱ्यासमोर धरायचे. "घे. घड्याळ घे आधी." नवरा-नवरी राहिले बाजूला, आमच्या पिंपरीच्या स्टुडिओनं घेतलेल्या प्रत्येक लग्नाचा पहिला फोटो काकांच्या मनगटाचा. ते घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "असू दे की. सगळ्यांचं चुकीचं एकच पाहिजे."

एका लग्नाला आमचे चार कॅमेरे, आणि प्रत्येकाच्या आतलं घड्याळ वेगळं. एकाच्या हिशेबानं मुहूर्ताआधीच जेवणावळ उठलेली. मनगटाच्या फोटोवरून काका कुणाचा कॅमेरा किती मिनिटं मागे ते काढायचे आणि हजारो फोटो एका ओळीत बसवायचे. पूर्वी महाळुंग्याच्या एका कंपनीत ते असेंब्लीच्या ओळीवर होते. कंपनी सुटली, ओळ सुटली नाही.

बसणं मात्र त्यांना ठाऊकच नव्हतं. कामाला लागले की उजवा गुडघा असा हलायचा की माझा चहा बशीत सांडायचा. दहा फोटो लावले की उठून जिन्यापर्यंत फेरी. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. कुणी सांगितलं, "काका, खाली भांडण झालं," तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "त्याच्या आधी काय झालं?"

निघोज्याच्या एका लग्नात मी वैतागून ते मनगट टाळलं. "नंतर घेतो, काका," म्हणालो आणि गर्दीत घुसलो. नंतर घेतलंच नाही. दिवसभर मी मागे पाहुण्यांचे फोटो काढत होतो, माझ्या फोटोंत स्टेज कुठेच नव्हतं आणि कॅमेऱ्याचं घड्याळ भलतंच काही दाखवत होतं.

आठवड्याच्या आत नवरीचे वडील अचानक वारले. तेराव्यानंतर ती स्टुडिओत आली. लग्न तिच्या पसंतीचं, वडिलांच्या मनाविरुद्ध झालेलं. मांडवात ते कुणाशी बोलले नव्हते.

"भाऊ म्हणतोय, अक्षता पडायच्या आधीच आबा उठून गेल्ते," ती म्हणाली. "खरं हाय का? मला एवढंच बघायचंय."

आबांचा त्या वेळचा एकच फोटो होता, माझ्या कॅमेऱ्यात. खांबाला टेकलेले, नजर समोर. केव्हाचा, ते मला सांगता येईना. काकांनी माझे सगळे फोटो आपल्या स्क्रीनवर उघडले आणि कामाला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस गुडघा आणि जिना, एवढंच चाललं होतं. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओरडले, "कुल्फी!"

आबांच्या मागे एक चिमुरडी उभी होती, हातात अर्धी कुल्फी. दुसऱ्या कॅमेऱ्यात, आंतरपाट धरला तेव्हा, तिच्या हातात अख्खी होती. तिसऱ्यात, हार घालताना, नुसती काडी. म्हणजे मंगलाष्टकं चालू होती आणि आबा मांडवात होते.

नवरीला बोलावून काकांनी तिन्ही फोटो शेजारी लावून दाखवले. तिनं स्क्रीनवर आबांच्या गालाला बोट लावलं. "रडत होते का?"

"ते फोटोत कळंना, ताई. पण उभे होते. अक्षता पडत होत्या तेव्हा."

ती गेल्यावर मी जिन्यात जाऊन रडलो. त्यानंतर दोन वर्षं मी एकदाही मनगट चुकवलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. आजाराचं त्यांनी आम्हाला कुणाला कळू दिलं नव्हतं. काकू भिंतीवर लावायला फोटो मागायला आल्या. मी सगळी लग्नं धुंडाळली. चेहऱ्याचा एकही फोटो नाही, नुसती मनगटं.

"तीच दाखव," त्या म्हणाल्या. मी एकेक उघडत गेलो. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

"पट्टा बघ. हितं तिसऱ्या भोकात हाय. हितं चौथ्या." पुढच्या फोटोत मनगट अगदी काडी झालेलं. "हे पाचवं भोक मी पाडलं, दाभणानं. पट्टा सैल हुतोय म्हणले."

सगळी मनगटं तारखेनं, ओळीत लावलेली होती. एकूण एक मी काढलेली.