धर्मपालजींचा कुठेच न लागलेला पिक्चर

आमच्या बीरगावच्या गल्लीत धर्मपालजींना सगळे 'ऑपरेटर' म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी एका टॉकीजमध्ये मशीन चालवलं. टॉकीज पडली, तिथं कपड्यांचं दुकान आलं, तरी हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी समोरची भिंत बघतो, मग माणसं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी दीक्षा खारून नदीत बुडाली. त्यांची बायको कलावतीबाई रडल्या नाहीत. जेवण मात्र जवळजवळ सोडलं. "मले पोरीकडं जायचं आहे," एवढंच म्हणत. डॉक्टर म्हणाले, "कैसे भी करके खिलाइए." मी शेजारीण, दुपारी वरणभात नेई आणि ताट बहुतेक तसंच परत आणी.

एक दिवस धर्मपालजी घास हातात घेऊन म्हणाले, "कला, पिक्चर सांगतो. एक घास, एक सीन."

असा पिक्चर कुठंच निघाला नव्हता. निळ्या वाळूचं रान, जिन्यानं वर चढणारा हत्ती, डोंगराएवढं लुगडं नेसलेली राणी.

"एवढं लुगडं? धुते कोण मंग?" कलावतीबाईंनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्या पहिल्यांदा असं बोलल्या.

"धोबी हत्तीवर बसून येते."

"फेकून राहिले निस्ते!" म्हणत त्यांनी घास गिळला.

त्यात एक जिद्दी पोट्टी होती, आईकडे परत निघालेली. महिनोन् महिने ती चालतच होती. पाणी मात्र त्या पिक्चरमध्ये कुठंच नव्हतं. विहिरीसुद्धा कोरड्या. बाई अंगानं जरा भरल्या.

चैतात धर्मपालजींचा घसा बसला. त्या दुपारी मी ताट घेऊन गेले. लाइट गेलेली, दारं-खिडक्या बंद. कलावतीबाई कोऱ्या भिंतीसमोर बसून आपल्या हातानं जेवत होत्या. डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. मधेच हसल्या. त्यांच्या गालावर निळसर उजेड हलत होता.

"वहिनी," धर्मपालजी माझ्या कानाशी घोगरं बोलले, "मी काही सांगून नाही राहिलो. आपोआप चालू आहे."

चौथ्या दिवशी बाईंनी घास खाली ठेवला.

"नदी आली," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोट्टी पाण्यात उभी आहे. 'आई, ये' म्हणते." आणि उठून भिंतीकडे निघाल्या.

धर्मपालजी झटकन मधे जाऊन उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाटा हलताना मी या डोळ्यांनी पाहिल्या.

"सरका ना जी! दिसत नाही मले!"

"नाही सरकत. मी हाओ ना इथं. माह्याकडं पाह."

बाईंनी त्यांच्या छातीवर मुठी मारल्या. एक, दोन, कितीतरी. ते हलले नाहीत. मग दोन वर्षांचं रडणं एकदम बाहेर आलं. गल्लीतल्या बायका दाराशी जमल्या, इतकं.

रडणं ओसरलं तेव्हा उजेड विझलेला होता. धर्मपालजी मान न वळवता म्हणाले, "वहिनी, मागं काय आहे?"

मी पाहिलं. चुन्याची कोरडी भिंत. पण त्यांचा सदरा मागून निथळत होता, आणि कॉलरला ओली वाळू लागली होती.

मी टॉवेल आणला. कलावतीबाईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि नवऱ्याची पाठ खसाखसा पुसू लागल्या.

"घसा बसला आहे, अन् भिजता कायले?" त्या रागावत होत्या. "काढा तो सदरा आधी."